चाळलेली माती

कुसाबाई गांगुर्डेच्या नावावर गावाने एक खून लावून ठेवला होता, आणि मुडदा मात्र कुणाकडेच नव्हता. नऊ वर्षं झाली. तिचा नवरा सुकदेव मे महिन्यातल्या एका दुपारी जेवून घराबाहेर पडला तो परत आलाच नाही. त्याची मोटारसायकल येवल्याच्या एसटी स्टँडवर सापडली, किल्लीसकट. पोलिसांनी म्हटलं, गेला असेल कुठंतरी, येईल. गाव पोलिसांपेक्षा हुशार. गावाने ठरवलं, हिनंच काहीतरी खायला घालून मारला आणि दगड बांधून धरणात सोडला.

गावाकडे पुरावे दोन. पहिला म्हणजे सुकदेव तिला मारायचा. तेव्हा कारण तयारच होतं. दुसरा पुरावा हापशावरचा. आदल्याच आठवड्यात त्याने पाण्याच्या पाइपाने तिची पाठ सोलली होती, आणि सगळ्या बायकांसमोर ती ओरडली होती, "मुडदा पडो त्याचा!" आता हे वाक्य त्या हापशावर दिवसातून चारदा तरी म्हटलं जातं. पण ज्याचा मुडदा खरोखर पडतो, त्याच्याच बायकोचं लोक ध्यानात ठेवतात.

दीर महेश याने दुसऱ्या वर्षी तिचा डावा हात मोडला, शेतातून हुसकून लावलं आणि भर ग्रामसभेत सांगितलं, "दादाचं एक हाड सापडू द्या फक्त. त्याच खड्ड्यात हिला जित्ती पुरतो." सभेने ते ऐकलं, कुणी नको म्हटलं नाही, आणि पुढचा विषय गटारीचा होता तो घेतला.

तेव्हापासून कुसाबाई गावकुसाला पत्र्याच्या खोलीत राहत होती. तिच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं. गळ्यातलं मंगळसूत्र काढलं तर खून कबूल, ठेवलं तर ढोंग. म्हणून तिने ते पदराखाली ठेवलं होतं. सुकदेव मेला की जगला याचं तिला खरं सांगायचं तर फार दुःख नव्हतं. तिला एवढंच पाहिजे होतं की कुणीतरी, एकदा तरी, चारचौघांत मोठ्याने म्हणावं, हिने नाही मारला.

गावाशेजारी धरणाचं मागचं पाणी पसरलेलं. त्या पाण्यात एक टेकाड आहे, त्याला सगळे पांढर म्हणतात. पावसाळा-हिवाळा ते बेट असतं. एप्रिलपासून पाणी उतरायला लागतं, आणि मे महिन्यात गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे वस्ती होती. घरं पडली, त्यावर घरं झाली, राख पडली, उष्टी-खरकटी पडली, माणसं पुरली गेली, आणि त्या सगळ्याची मऊ पांढरी माती झाली. द्राक्षबागेला ती माती सोन्यासारखी लागते, म्हणून पूर्वीपासून लोक उन्हाळ्यात बैलगाड्या घेऊन पांढर ओढायचे. पुढे ट्रॅक्टर आले, मग जेसीबी. सुकदेवकडे जेसीबी होता.

अकरा वर्षांपूर्वी विद्यापीठाचे एक म्हातारे सर येऊन तिथे तीन उन्हाळे खणून गेले. कुसाबाईने तेव्हाच चाळण हातात घेतली ती कायमची, कारण पुढेही दर उन्हाळ्यात विद्यापीठाचं थोडंफार काम चालायचं. आता नवे सर आले होते. शौनक क्षेमकल्याणी, पंचवटीतले. बाप-आजोबा रामकुंडावर लोकांचे पिंड पाडायचे आणि हा लोकांची हाडं काढायचा. "धंदा तोच, फक्त दुसऱ्या टोकानं," असं सुमनबाई म्हणायची. सुमनबाई कुसाबाईच्या चाळणीची जोडीदारीण. तिच्या तोंडाला विश्रांती अशी फक्त घास गिळताना.

शौनकसर शिकायला अमेरिकेत होते आणि दोन उन्हाळे अलास्काच्या पुढे समुद्रात असलेल्या बेटांवर त्यांनी खणलं होतं. तिथल्या अल्यूत लोकांच्या गोष्टी ते दुपारच्या भाकरीच्या वेळी ताडपत्रीखाली सांगायचे.

"तिथं एकही झाड नाही," ते म्हणाले. "वारा आणि धुकं. चार हजार वर्षांपूर्वीची घरं जमिनीत खणलेली, वरून गवताचं छप्पर, आणि छपराला भोक. त्या भोकातूनच शिडीनं आत उतरायचं."

"म्हंजी सून वरून उतरणार?" सुमनबाईने विचारलं. "खाली सासू बसेल आसंल तर?"

"तर काय?"

"तर बरंच की."

बायका हसल्या. पण सरांची गोष्ट हसण्याची नव्हती. शेजारच्या बेटावरचे लोक धुक्यातून कातड्याच्या होड्यांनी यायचे, छपराच्या भोकावर भाला घेऊन बसायचे आणि वर येईल त्या डोक्यात घालायचे. म्हणून गावाजवळच्या एखाद्या उभ्या खडकावर लोकांनी पळून बसायची जागा करून ठेवलेली असायची. तिथे सापडलेल्या बायकापोरांच्या हाडांवरचे घाव सरांनी स्वतः मोजले होते. आणि शत्रूला मारलं की त्याचे सांधे तोडायचे. हात निराळे, पाय निराळे. कारण मेलेल्याच्या अंगात जोर शिल्लक राहतो, तो उठून सूड घेतो, असं ते मानायचे.

"आपल्याकडचे पण तेच की," पुंजाबाबा कडेला बसून म्हणाला. "आपले तर घरच्याच माणसाचे पाय तोडायचे."

हे खरं होतं. पांढरीवरचे जुने लोक मोठं माणूस मेलं की घराच्या जमिनीखालीच पुरायचे, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखालचे पाय तोडून. घर सोडून जाऊ नये म्हणून, असं म्हातारे सर सांगायचे. पुंजाबाबाला ते सगळं पाठ होतं. तो मुकादम. साठी उलटलेला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला, पण खड्ड्याची भिंत त्याच्यासारखी उभी कापणारा माणूस सात तालुक्यांत नव्हता. ओळंबा लावावा तर दोरा भिंतीला घासून जाणार. थर दिसायचे असतील तर भिंत आरशासारखी पाहिजे, हे त्याने कुसाबाईला शिकवलं होतं. आणि गावाने टाकल्यावर तिला पुन्हा कामावर घेणाराही तोच होता. त्याला बायको-पोरं नव्हती. पांढर होती. हंगाम संपला की पगार थांबायचा, पण म्हातारा पावसाळाभर काठावरून बेटाकडे बघत बसायचा, जसं काही कुणी चोरून नेणार आहे.

या वर्षी त्याचं आणि सरांचं वाजलं होतं. जुन्या सरांनी टेकाडाच्या माथ्यावर खणलं होतं. शौनकसर म्हणाले, पश्चिमेच्या उतारावर खणू. "बेट वाचायचं तर आधी त्याचा उकिरडा वाचायचा, पुंजाबाबा. बेटावरून काही बाहेर जात नाही. माणूस खातो, मोडतो, मारतो, ते सगळं कडेला पडून राहतं."

"तिकडं काय बी नाय सर. नुसता गाळ हे."

"बघू तरी."

"बघायचं काय त्यात? मी सांगू राहिलो ना!"

तीन दिवस म्हातारा असा वाद घालत होता. कुसाबाईला नवल वाटलं. जुन्या सरांनी याला विहिरीत उडी मारायला सांगितली असती तर यानं फक्त 'किती खोल' एवढंच विचारलं असतं.

शेवटी उतारावरच खणलं. आठव्या दिवशी सकाळी कुसाबाई खुरपीने जमीन खरवडत असताना तिला मातीचा रंग बदललेला दिसला. एका सरळ रेषेच्या अलीकडे करडा, पलीकडे पांढुरका. सरांनी तिथे हळूहळू उतरायला सांगितलं. हातभर खाली कवटी लागली. मग छाती. मग कंबर, मांड्या, नडग्या, आणि पुढे काही नाही. घोट्याखाली पाय नव्हते. डोकं उत्तरेला, उशाशी दोन जुनी मडकी फोडून ठेवलेली. कवटीच्या मागच्या बाजूला पैशाएवढं चौकोनी भोक.

शौनकसर आनंदाने पोरासारखे ओरडले. "मारलेला माणूस! घाव बघा! हे साधं दफन नाही, ही लढाई आहे!" आणि लगेच फोन काढून पुण्याला कुणाला तरी सांगत सुटले. सुमनबाईनेही मागे राहायचं नाही म्हणून नवऱ्याला फोन लावला. "आवो, सांगाडा निघाला! मुंडकं फोडलेला!"

कुसाबाई चाळणीशी गेली. खड्ड्यातून काढलेली माती तिच्यापुढे घमेल्या-घमेल्याने येत होती. पांढरीची माती म्हणजे तिला तोंडपाठ. एका घमेल्यात चार खापरं, चिमूटभर माशाचे काटे, शिंपल्यांचा चुरा, कोळसा, आणि नशीब असेल तर मणी. तिने पहिलं घमेलं हलवलं. चाळणीवर काही राहिलं नाही. दुसरं हलवलं. काही नाही. पाचवं, सातवं, दहावं. माती सळसळत खाली जायची आणि जाळी कोरी.

"मोकळीच हे की गं," सुमनबाई म्हणाली. "गरीब माणूस आसंल. घरात खापरसुद्धा नाय."

कुसाबाईने कोरी जाळी बोटांनी चाचपली. मातीत काही नसणं ही गरिबी नव्हती. ही माती आधी एकदा कुणीतरी चाळली होती. आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडे चाळण नव्हती.

ती उठून खड्ड्याच्या काठाशी गेली. आता तिला भिंत दिसली. चारी बाजू कोनात, तळ सपाट, कडा अशी उभी की ओळंबा सोडावा तर दोरा घासून जाईल. जुन्या लोकांचे खड्डे वेडेवाकडे असतात, उंदराने केल्यासारखे. हा खड्डा शिकलेल्या हाताचा होता. ती खाली उतरली आणि सांगाड्याच्या उजव्या खांद्याशी वाकली. गळ्याजवळच्या हाडाला मधोमध गाठ होती, मोडून पुन्हा जुळलेली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुकदेव ट्रॅक्टरवरून पडला होता. त्या गाठीवर तिने महिनाभर हळद-चुन्याचा लेप लावला होता, आणि तो बरा झाल्यावर त्याच हाताने पहिल्यांदा तिच्या तोंडात मारली होती.

शौनकसरही आता फोन ठेवून खड्ड्यात उतरले होते. कवटीला बोट लावून ते कपाळ आकसून बघत होते. "हाड जड आहे," ते पुटपुटले. "हे... हे जुनं वाटत नाही." माणूस शहाणा होता, फक्त तासभर उशीर झाला. तो पुन्हा फोन घेऊन ताडपत्रीकडे गेला, या वेळी पोलिसांना लावायला.

पुंजाबाबा खड्ड्याच्या दुसऱ्या कडेला बसला होता. हातात ओळंब्याचा दोरा.

"बाबा," कुसाबाई खालून म्हणाली, "चाळून का भरली?"

म्हातारा म्हणाला, "हात वळंना, कुसा. ढेकळं तशीच ढकलायला गेलो. नाय जमलं. चाळण शेडात व्हती. चाळली, तीन मणी निघाले, ते डबीत ठिवले, नंबर टाकून."

"आन पाय?"

"निम्मं सरांसाठी. कधी उघडलाच खड्डा तर जुना वाटावा." त्याने दोरा बोटाला गुंडाळला. "निम्मं माह्यासाठी. उठून यायला नको."

मग त्याने सांगितलं. वर नजर न करता, हजेरी सांगावी तसं. त्या दुपारी सुकदेव चुन्याची फक्की घेऊन आला होता, उद्या जेसीबी कुठून लावायचा ते आखायला. जुन्या सरांनी परत येऊ म्हणून खड्ड्याची मोठी भिंत गोणपाटाने झाकून ठेवली होती. पुंजा म्हणाला, तेवढी सोड. सुकदेव हसला. गोणपाट ओढलं आणि बुटाने लाथ घातली. थर खाली आले. दुसरी लाथ घातली. "गंमत म्हणून गं. त्याला माती सुद्धा तिथली नव्हती पाहिजे." पुंजाच्या हातात टिकाव होता. पहिला घाव खांद्यावर बसला. सुकदेव गुडघ्यांवर आला, मग पाण्याकडे सरपटत निघाला. दुसरा पाठीत. तिसरा डोक्यात, आणि टिकाव अडकला. पाय देऊन ओढावा लागला. रात्री पुरला, आणि त्याची मोटारसायकल येवल्याच्या स्टँडवर नेऊन सोडली.

"तवा तुझं नाव घेऊ राहिला व्हता," म्हातारा म्हणाला. "हाक मारू राहिला का शिवी देऊ राहिला, ते नाय कळलं."

कुसाबाईने विचारलं, "नऊ वर्सं बघत व्हता तू. माहा हात मोडला तवा दवाखान्यात तूच न्हेलं ना मला?"

"न्हेलं."

"तवा बी नाय बोलला."

"बोललो असतो तर इथं कोण बसलं असतं?" म्हातारा म्हणाला आणि बेटाकडे हात फिरवला. त्याला ते पुरेसं उत्तर वाटत होतं, हेच सगळ्यात वाईट.

एवढ्यात सुमनबाईची आरोळी आली. पाण्यातून चौघं जण येत होते, पँट गुडघ्यावर खोचून. पुढे महेश, हातात पहार. मागे तिघं, काठ्या घेऊन. सुमनबाईच्या नवऱ्याला सांगितलेली बातमी पाऊण तासात वेशीपर्यंत जाऊन महेशला घेऊन आली होती.

शौनकसर आडवे आले. "पोलीस निघालेत. कुणीही जवळ यायचं ना—" वाक्याचं शेवटचं अक्षर काठीखाली गेलं. चष्मा एकीकडे, सर एकीकडे, कपाळातून रक्ताची धार शर्टावर. महेश खड्ड्याच्या काठाशी आला, वाकला, आणि त्याला गळ्याजवळची गाठ दिसली. भावाबरोबर तोही त्या ट्रॅक्टरवर होता.

त्याच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

"इथं! इथं पुरला! आन नऊ वर्सं हितंच मजुरी करू राहिली ही रांड! राखण करू राहिली!"

कुसाबाई वर चढत होती. त्याने तिचे केस धरले आणि वरून तोंडावर गुडघा मारला. नाकाचं हाड कटकन वाजलं. दुसऱ्या दणक्याला ती पाठीवर खड्ड्यात पडली, सुकदेवच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, नऊ वर्षांनी. महेशने फावडं उचललं आणि चाळणीखालचा ढीग तिच्यावर लोटायला लागला. "सांगितलं व्हतं ना? सांगितलं व्हतं ना मी!" माती तोंडात गेली, डोळ्यांत गेली. ती हात वर करायची, तो फावड्याच्या पात्याने हातावर मारायचा. करंगळी उलटी होऊन लोंबायला लागली.

मातीच्या फटीतून तिला पुंजा दिसत होता. चार पावलांवर बसलेला. ओळंबा हातात. तो बोलेल म्हणून ती एक फावडं थांबली. दुसरं फावडं थांबली. तिसऱ्याला तिला कळून चुकलं, हा बोलणार नाही. हा तिला पुरू देईल, आणि वरची माती नीट चाळून घेईल.

"महेश!" ती तोंडातली माती थुंकत ओरडली. "मारायचं तर मार! पण आधी कोपऱ्यात हात घाल!"

"काय?"

"हात घाल कोपऱ्यात! तुह्या बंगल्याचा पाया कुणी खणला? हात घालून बघ आन सांग, आसा कोपरा मला येतो का? तुह्या दादाला येत व्हता का? गावात कुणाला येतो?"

महेशचं फावडं हवेत थांबलं. तो मारकुटा होता, पण गवंड्याच्या हाताखाली वाढलेला. त्याने कोपऱ्याकडे बघितलं. बंगल्याचा पाया पुंजाने खणला तेव्हा गवंडी म्हणाला होता, याला भिंतीची गरजच नाय, रंग द्या नुसता. हे महेशनेच पाच वर्षं गावभर सांगितलं होतं, मोठेपणाने. त्याने पालथा हात भिंतीवरून फिरवला. खालून वर. वरून खाली.

मग तो सावकाश वळला.

पुंजाबाबा उठायला गेला, पण गुडघे म्हातारे. महेशने पहार उचलली. "पाय," तो म्हणाला. एवढंच. "पाय तोडले ना तू त्याचे?" आणि पहार म्हाताऱ्याच्या डाव्या घोट्यावर आली. ओलं लाकूड चिरावं तसा आवाज झाला. पुंजा ओरडला नाही, नुसता हवा गिळत राहिला. उजव्या पायाला मात्र ओरडला, आणि ती किंकाळी पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेली. सोबतचे तिघं मागे सरकले. त्यांना एका बाईला दम द्यायचाय म्हणून आणलं होतं.

महेशने पहार डोक्यावर उचलली.

कुसाबाई खड्ड्याच्या काठाला छातीने लटकली होती. तिला म्हाताऱ्याची दया आली असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिच्या डोक्यात त्या क्षणी फक्त एक गोष्ट आली, अगदी स्वच्छ. हा मेला तर सांगणारं कुणी उरत नाही. सर म्हणतील खड्डा सरळ होता. गाव म्हणेल, मग? हिनंच खणून घेतला असेल. खड्डा साक्ष देत नाही. माणूस देतो, आणि तो एकच होता, आणि त्याच्या डोक्यावर पहार होती.

ती वर आली, महेशनेच टाकलेलं फावडं उचललं, आणि दोन्ही हातांनी, मोडक्या करंगळीसकट, त्याच्या गुडघ्याच्या मागे घातलं. पातं आत गेलं. तो वाकला तसा दुसरा फटका मानेखाली. पहार सुटली, आणि महेश तोल जाऊन खड्ड्यात पडला, भावाच्या नडग्यांवर. उठायला गेला तर गुडघा वळेना. मग तो तिथेच बसला, हाडाला हात लावून, आणि हमसून हमसून रडायला लागला.

तिघांतला एक काठी उगारून पुढे आला. तोपर्यंत सुमनबाई त्याच्यापुढे उभी होती, हातात टिकाव, आणि तिच्या मागे चाळणीवरच्या दहा बायका, कुणाकडे खुरपी, कुणाकडे घमेलं.

"ये ना," सुमनबाई म्हणाली. "आज चाळायला काय मिळालंच नाय आम्हाला."

त्याने काठी खाली ठेवली.

शौनकसर शर्ट डोक्याला दाबून बसले होते. पोलिसांची गाडी काठावर आल्याचं धुळीवरून दिसत होतं, पण पाण्यातून यायला ते बूट काढत बसले होते. म्हाताऱ्याच्या पायांतून रक्त जात होतं. ताडपत्रीखाली सामान ठेवायची एक खाट होती. बायकांनी पुंजाला तिच्यावर घातलं, घोट्यांना गोणपाट गच्च बांधलं, आणि सहाजणींनी खाट उचलली. डोक्याकडचा एक पाय कुसाबाईने धरला.

पाणी घोट्याला आलं, मग नडगीला, मग गुडघ्याला. काठावर अख्खा गाव उभा होता. सरपंच, पोलीस पाटील, हापशावरच्या झाडून सगळ्या बायका, आणि पोरांचे वर केलेले मोबाइल. कुसाबाईच्या नाकातून रक्त टपटप पाण्यात पडत होतं.

मध्यावर पुंजाने तिचा पदर ओढला. "कुसा. इथंच सोड. पानी पुरं हे मला."

कुसाबाई थांबली. ती थांबली म्हणून सगळ्या थांबल्या.

"सोडते," ती म्हणाली. "आधी बोल."

"काय बोलू?"

"तुला माहीत हे."

त्याने ओठ हलवले.

"मला नको सांगू. मला सांगून झालं तुहं. त्यान्ला सांग. मोठ्यानं."

म्हातारा काठाकडे बघत राहिला. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तिथे नुसती रंगांची रांग दिसत असणार. मग त्याने छातीत हवा भरली.

"सुकदेवला मी मारला!" आवाज फाटका, पण पाण्यावरून आवाज लांब जातो. "टिकावानं मारला! एकट्यानं! पुरला बी मीच! या बाईला ठाव नव्हतं! हिनं... हिनं काय बी केलं नाय!"

वर केलेले मोबाइल तसेच वर राहिले.

"झालं," पुंजा म्हणाला. "सोड आता."

"चला गं," कुसाबाई बायकांना म्हणाली, आणि खाट हलली.

"सोडते म्हनाली व्हतीस तू!"

"म्हनाले व्हते," कुसाबाई म्हणाली. "पण फौजदारापुढं परत सांगायचंय. मग कोर्टात सांगायचंय. तवर मरायचं नाय तू, बाबा. जीव धरून पड."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. पाणी गुडघ्याखाली आलं, मग नडगीखाली. चिखलाच्या काठाशी पोलीस पाटील पुढे धावला, त्याच्या मागे आणखी चार बाप्ये, खाटेला हात द्यायला. त्यातल्या एकाने कुसाबाईच्या हाताशेजारी हात घातला, खांदा लावायला वाकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दे वहिनी, आम्ही घेतो आता."

वहिनी हा शब्द नऊ वर्षांत तिला कुणी लावला नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं. ग्रामसभेला तो दुसऱ्या रांगेत बसला होता.

"हात काढ," ती म्हणाली. "नीट धरलीये आम्ही."

आणि सहाजणी चिखल तुडवत, खाट हलू न देता, तशाच गाडीपर्यंत चढून गेल्या.